मागच्या सीटवर

“हं, आता बघा,” कणसे सर म्हणाले. “पंच्याऐंशी झाले. आता सुरू होईल.”

गाडी आबा चालवत होते. सर त्यांच्या शेजारी बसले होते आणि मी मागं, डाव्या बाजूला. एप्रिलातली दुपार होती, पावणेतीनचा सुमार. फाट्यावरून आम्ही कोल्हापूरच्या दिशेला लागलो होतो आणि रस्ता जवळजवळ मोकळा होता. काटा नव्वदला टेकला आणि माझ्या मांड्यांखाली सीट थरथरायला लागली. फार नाही. पिठाची गिरणी चालू असताना शेजारच्या भिंतीला पाठ टेकली की अंगात जशी गुणगुण शिरते, तेवढीच. सीटवर पाण्याची बाटली होती, तिच्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठल्या.

“आलं का?” सरांनी विचारलं.

आबांनी स्टिअरिंगवरची पकड सैल केली आणि दोन्ही तळहात नुसते वर टेकवले. ही त्यांची जुनी पद्धत. थोडा वेळ ते तसेच पुढं बघत राहिले.

“न्हाई,” ते म्हणाले. “कुठं काय? लोण्यागत चाललीय.”

“अहो, आत्ता आहे. या क्षणाला आहे.”

“नव्या रस्त्याचं असतंय सर ते. तुमच्या मनात बसलंय.”

मग आबांनी दोनदा जोरात ब्रेक दाबून बघितला, परत गाडी नव्वदला नेली. सीट पुन्हा गुणगुणली. सर मागं वळले. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता.

“शालन, तू सांग. तुला लागतंय का काही?”

समोरच्या आरशात आबांचे डोळे दिसत होते. ते रस्त्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

“नाही सर,” मी म्हणाले.

माझ्या वडलांना, आबांना, सगळा तालुका मिस्त्री म्हणायचा. नाव रघुनाथ लोहार. आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. आबा जिपांच्या स्प्रिंगांचे पाटे ठोकता ठोकता मोटारीच्या चाकांवर आले. कराडच्या पुढं, पाचवड फाट्याजवळ, हायवेला लागूनच आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी नववीत असताना आई गेली. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी शाळेतून थेट गॅरेजवर यायची आणि बारावी झाल्यावर कायमची तिथंच राहिले.

रस्ता चौपदरी झाला तसा आमचा धंदा बदलला. आधी साठाच्या वर गाडी पळवायला रस्ताच नव्हता, त्यामुळं चाकात काय खोट आहे ते कुणाला कळायचंच नाही. आता लोक नव्वद-शंभरनं जायला लागले आणि ‘मिस्त्री, गाडी थरथरतीय’ म्हणत यायला लागले. आबांनी बॅलन्सिंगचं मशीन घेतलं. ते माझ्या ताब्यात. चाक त्यावर चढवायचं, फिरवायचं, मशीन दाखवेल तिथं रिमला शिशाचा तुकडा ठोकायचा, दोन्ही आकडे शून्य आले की उतरवायचं. आबांचा मशीनवर भरवसा नव्हता. “ते नुसतं वजन करतंय,” म्हणायचे. “चाकाला काय दुखतंय ते त्याला काय म्हाईत?”

दुखणं शोधायचं ते आबांनी. स्टिअरिंग थरथरलं तर खोट पुढच्या चाकात, बूड थरथरलं तर मागच्या चाकात, आणि ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर चाकामागच्या ब्रेकच्या डिस्कमध्ये. एवढं ते मला दहाव्या वर्षीच शिकवून बसले होते. पण त्याच्या पुढं त्यांचा हात होता. कधीकधी टायर आतून सुटायला लागतं. आतल्या तारा आणि वरचं रबर यांची साथ सुटते आणि तेवढ्या जागी बारीकशी फुगवटी येते. ती नजरेला सहसा दिसत नाही आणि मशीन तर बिनदिक्कत शून्य दाखवतं. आबा डोळे मिटून टायरवरून तळहात फिरवायचे आणि एका जागी खडूनं खूण करायचे. मी तिथं हात लावून बघायची, मला कधी लागायचं, कधी नाही. पण टायर कापलं की खुणेच्या खाली तारा सुटलेल्या असायच्याच. साताऱ्याहून, सांगलीहून माणसं त्यांच्या त्या हातासाठी यायची.

दिनकर कणसे सरांनी मला दहावीला भूमिती शिकवली होती. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली असताना त्यांनी जुनी गाडी घेतली होती, चारचाकी चालवायलाही पन्नाशीनंतर शिकले होते. महिन्याभरात ते तिसऱ्यांदा आले होते. पहिल्यांदा आम्ही पुढची चाकं बॅलन्स केली. दुसऱ्यांदा चारही. थरथर जातच नव्हती. त्या दिवशी त्यांना कोल्हापूरला जायचं होतं. कणसे बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, बोर्डाच्या पेपरांच्या कामाला आठ दिवस कोल्हापुरात होत्या. त्यांची कंबर धरली होती, एसटीत बसवत नव्हतं, म्हणून सर स्वतः आणायला निघाले होते.

“पाच-साडेपाचला पोचायचंय,” ते आल्या आल्या म्हणाले होते. “तेवढं एकदा हात फिरवून बघा. तुम्ही ठीक म्हणालात की माझ्या डोक्यातून जाईल.”

आबांनी चारही टायरांवरून हात फिरवला. डोळे मिटून, नेहमीसारखा. “टायरं साफ हायती,” म्हणाले. आणि मग आम्ही गाडी घेऊन निघालो होतो.

आबा नाही म्हणाल्यावर गिऱ्हाइकासमोर मी हो म्हणायचं, असं आमच्यात कधी झालंच नव्हतं. मला वाटलं, गॅरेजवर गेलं की बाजूला घेऊन सांगू. ते रागावतील, परत बघतील, आणि काहीतरी कारण काढून स्वतःच सरांना थांबवतील. परत येईपर्यंत मी हेच जुळवत होते.

गॅरेजवर आल्यावर सर शेजारच्या टपरीवर चहाला गेले. आबांनी पुढच्या उजव्या बाजूला जॅक लावला. डिस्कचं काही असेल तर एकदा बघून घेतो, म्हणाले. नट सोडले, चाक काढून माझ्याकडं ढकललं. मी ते भिंतीला टेकवत होते.

“आबा, मागं मला जरा…” मी सुरुवात केली.

“थांब. तापलीय किती बगू दे,” ते म्हणाले आणि उजवा तळहात डिस्कवर ठेवला.

गार पाण्याचा थेंब तव्यावर पडावा तसा आवाज आला. मी वळले. आबा वाकून आतल्या बाजूला बघत होते, पॅड अजून चांगले आहेत असं काहीतरी सांगत होते. हात तिथंच. मग वास आला. मी धावत जाऊन त्यांचं मनगट ओढलं. तळहाताची कातडी डिस्कला चिकटून राहिली.

“आबा!”

त्यांनी हाताकडं बघितलं. कुणा दुसऱ्याचा हात बघावा तसं बघितलं. मग टपरीकडं बघितलं. सरांची पाठ आमच्याकडं होती.

“वरडू नको,” ते म्हणाले.

“भाजलं तुम्हाला. कळलं नाही?”

ते गाडी पुसायचं फडकं घेऊन हाताला गुंडाळायला लागले. डाव्या हाताला गाठ येईना. मी गाठ मारली.

“दिवाळीच्या आदीपासनं,” ते हळूच म्हणाले. “पयल्यांदा पाय. मग बोटं. डॉक्टर म्हणला साखरंनं नसा गेल्यात. गोळ्या चालू हायत. येईल परत.”

“मग आत्ता टायरांवरनं हात फिरवलात तो?”

त्यांनी मान वर केली नाही.

“आबा, आत्ता हात फिरवलात, ते काय लागलं तुम्हाला?”

“शालन,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. “तुला लागलं का गं? गाडीत?”

माझा बाप मला विचारत होता. गिऱ्हाईक लांब होतं, ऐकायला कुणी नव्हतं, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण त्यांचा चेहरा मला बघवला नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी या माणसाला इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं.

“थोडं,” मी म्हणाले. “रस्त्याचं असेल.”

त्यांनी ते लगेच उचललं. “रस्त्याचंच असणार. मशीननं शून्य दावलंय न्हवं? तूच केलंयस की बॅलन्सिंग.”

“हो.”

“मग झालं तर.”

आयुष्यभर मशीनला नावं ठेवलेला माणूस मशीनचं नाव घेत होता आणि मी मान हलवत होते. मागचं डावं चाक माझ्यापासून दोन पावलांवर होतं. खाली बसून त्यावरून एकदा हात फिरवायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी एक पाऊल टाकलंसुद्धा. आबा बघत होते. त्यांचा हात फिरून गेलेल्या टायरवरून आपला हात फिरवायचा म्हणजे ते त्यांच्या तोंडावर बोलण्यासारखंच होतं. मी वाकून खाली पडलेला पाना उचलला आणि भिंतीवर अडकवला. पुढचं चाक चढवून नट आवळले.

सर आले. “काय झालं हाताला?”

“काय न्हाई, जरा खरचटलं.”

“मग? निघू?”

“बिनघोर जावा,” आबा म्हणाले.

सरांच्या चेहऱ्यावरचा ताण खरंच उतरला. “बघा, तुमच्याकडून ऐकलं की बरं वाटतं. ही म्हणतेच मला, तुम्हाला गाडीपेक्षा संशयच जास्त थरथरवतो.” ते हसले आणि गाडीत बसले. काच खाली होती. मी खिडकीपाशी गेले.

“सर, ऐंशीच्या वर नेऊ नका.”

“का गं? मिस्त्री तर ठीक म्हणतात.”

“उगीच. ऊन फार आहे. टायर तापतात.”

“बरं बाई. ऐंशी म्हणजे ऐंशी.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढून कुणाला तरी फोन लावला, बोलता बोलताच गाडी सर्व्हिस रोडला घेतली, मग फोन ठेवून मोठ्या रस्त्याला लागले. साडेतीन वाजले होते. आबा आत जाऊन बाकावर बसले. मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं. पाण्याचंही त्यांना काही कळत नव्हतं. मी मनात ठरवत होते, परवा सर परत आले की काही सबब सांगून मागचं डावं टायर बदलून टाकायचं.

पाच वाजायच्या आत गॅरेजचा फोन वाजला. कामेरीजवळ इलाही म्हणून एक पंक्चरवाला होता, आबांच्या ओळखीतला. फोन मी उचलला.

“मिस्त्री हायत का? गाडीत तुमचं कार्ड घावलं म्हणून लावला. पांढरी गाडी. चष्म्याचं गुरुजी हुतं एक.”

‘हुतं’ हा शब्द ऐकल्यावर पुढचं ऐकायची गरज नव्हती. तरी त्यानं सांगितलं. मागच्या टायरचं वरचं रबर पट्ट्यासारखं सुटून निघालं. गाडी फिरली, दुभाजकावरून पलीकडं गेली आणि समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सगळं बघितलं होतं. तो सांगत होता, गाडी जोरात नव्हती. डाव्या कडेनं, बेतानं चालली होती.

मी फोन आबांच्या कानाला लावला. ते नुसते ऐकत राहिले, आणि पलीकडून फोन ठेवल्यावरसुद्धा बराच वेळ तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच कामेरीला गेले. गाडी पोलीस चौकीच्या मागं आणून टाकली होती. पुढचा भाग राहिलाच नव्हता. मागची बाजू मात्र जवळजवळ धड होती. मागच्या डाव्या चाकावर रबर नव्हतं, नुसत्या तारा केसांसारख्या विस्कटलेल्या. मागचं उजवं टायर साफ होतं. मी त्यावरून हात फिरवून बघितला. तिथल्या हवालदारानं विचारलं, “नातेवाईक काय?” मी म्हणाले, “विद्यार्थिनी.”

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर सरांच्या दारात माणसं बसली होती. त्यांचे थोरले भाऊ अप्पासाहेब पायरीवर, शाळेतले शिक्षक सतरंजीवर, बायका आतल्या सोप्यात. आबा सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाहेर आले तेव्हाच मला कळलं होतं की ते काहीतरी ठरवून निघालेत. “तू येऊ नको,” ते म्हणाले. मी गेले.

अंगणात गेल्यावर ते खाली बसले नाहीत. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसलेल्या बाईंकडं बघत उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “सर सांगत हुते गाडी थरथरतीया. तीनदा आलं सांगाया. मला कळलं न्हाई. कळायला माझ्या हातात आता कायच ऱ्हायलं न्हाई. सा म्हैनं झालं, ह्या हातांस्नी काय लागत न्हाई. मला म्हाईत हुतं. तरी मी टायरावरनं हात फिरवला आन साफ हाय म्हणलो. बिनघोर जावा म्हणलो. सरांस्नी म्या घालवलं.”

कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. अप्पासाहेब उठले. काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी आबांची कॉलर धरली आणि दोन थोबाडीत मारल्या. आबांनी हात वर केला नाही. दोघा शिक्षकांनी अप्पासाहेबांना मागं ओढलं. आबांच्या हाताची पट्टी सुटून लोंबत होती.

मग बाई बोलल्या, अगदी सावकाश, जणू एखादी तारीख आठवत होत्या.

“निघताना ह्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, थोडा उशीर होईल, ऐंशीच्या वर जायचं नाही म्हणून शालननं बजावलंय.”

अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडं वळली.

“का बजावलं?” अप्पासाहेब ओरडले. “हिला कळलं हुतं काय? का गं, तुला कळलं हुतं? तूबी हुतीस न्हवं गाडीत?”

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही ठाऊक आहे. पण आबा माझ्या पुढं आले.

“न्हाई न्हाई. तिला काय म्हाईत? उन्हाळ्यात आमी समद्याच गिऱ्हाइकांस्नी सांगतो, ऐंशीच्या वर नेऊ नका म्हणून. म्याच शिकवलंय तिला तसं बोलायला.” मग घाईनं, श्वास न घेता, “ती मागं बसली हुती, अप्पासाहेब. मागच्या सीटवर काय कळत न्हाई. जे काय कळतंय ते स्टिअरिंगवर. चालवणाऱ्याला.”

तिथं शिक्षक होते, शेतकरी होते, एक कंपाउंडर होता. गाड्यांचं कुणालाच काही कळत नव्हतं. मागच्या चाकाची खोट स्टिअरिंगवर कळत नाही, मागच्या सीटवरच कळते, हे तिथं फक्त दोघांना माहीत होतं. आबांचे हात चांगले असते तरी त्या दिवशी त्यांना स्टिअरिंगवर फारसं लागलं नसतं. लागलं होतं ते मला. सरांनी मागं वळून विचारलं होतं, ते बरोबर माणसालाच विचारलं होतं.

मी तोंड मिटलं. खाली माझ्या पायांकडं बघत राहिले. अप्पासाहेब म्हणाले, “न्या हिला घरी. आन परत ह्या दारात पाऊल ठेवू नका, मिस्त्री.”

आम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आलो. थांब्यावर सावली नव्हती. आबांचा एक गाल सुजला होता.

“आबा, मागच्या सीटवरच तर…”

“गप.”

बस दिसली तेव्हा ते म्हणाले, “एकाचं नाव गेलं. दोगांचं कशाला घालवायचं?”

त्यानंतर या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. पोलिसांपुढंही त्यांनी तेच सांगितलं. हवालदारानं ऐकून घेतलं आणि टायर फुटून अपघात असं लिहिलं. हात बधिर आहेत, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला कळेना. कोर्टकचेरी काही झाली नाही. झाली असती तर आबांना बरं वाटलं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं. गिऱ्हाइकं लगेच थांबली असं नाही. लांबची माणसं येतच होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. आबाच त्यांना सांगायचे, “दुसरीकडं दावा. मला कळत न्हाई आता.” जूनमध्ये गॅरेज बंद केलं, मशीन इस्लामपूरच्या एकानं नेलं.

हाताची जखम चार महिने भरली नाही. ती भरतेय तोवर पायाला झाली. टाच कधी चिरली, त्यात कधी खडा गेला, त्यांना कळलंच नाही. मला वास आला तेव्हा उशीर झाला होता. फेब्रुवारीत कराडला त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. मी लोकांच्या घरी शिवणकाम करत होते, दुपारी द्राक्षाच्या बागेत कामाला जात होते. आबा आतल्या खोलीत खाटेवर. दारावरून मोटार गेली की ते बोलणं थांबवायचे, ती लांब जाईपर्यंत.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटकापाशी कणसे बाई उभ्या होत्या. एकट्याच, एसटीनं आलेल्या. कमरेला पट्टा होता, हातात कापडी पिशवी. वर्षभरात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला हातातला कपडा ठेवायचं सुचेना.

“बसायला दे काहीतरी,” त्या म्हणाल्या. “खाली बसवत नाही मला.”

मी खुर्ची आणली. त्यांनी ती दाराबाहेरच ठेवायला लावली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, खाटेचं टोक दिसत होतं. बाईंनी तिकडं एकदाही बघितलं नाही. मी पाणी दिलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“बारावी सायन्सला होतीस ना तू?”

“हो बाई.”

“आमच्या शाळेत प्रयोगशाळेत परिचराची जागा रिकामी झालीय. संस्थेला मी तुझं नाव सुचवलंय. ते माझं ऐकतील. सोमवारी शाळेत ये भेटायला.”

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. “माझं?”

“तुझ्या वडलांना मी माफ करू शकत नाही, शालन. प्रयत्न केला. नाही जमत. देवापुढं बसले तरी जमत नाही. पण तो राग मी तुझ्यावर का काढू?” “त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना जा म्हणून सांगितलं. मीसुद्धा. सकाळी फोनवर मीच म्हणाले होते, तुमचं काहीतरी उगीचच असतं, या लवकर. तू एकटी होतीस, जिला त्यांची काळजी वाटली. हळू जा म्हणालीस. माझ्याशी ते शेवटचं बोलले तेव्हा तुझं नाव त्यांच्या तोंडात होतं. मी ते विसरणार नाही.”

आत खाट करकरली. आबा जागे होते. भिंत मातीची, दार उघडं, त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू जात होता. मी वाट बघितली. ते काही बोलले नाहीत. आता त्यांनी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते माझं.

त्या शाळेत मला आता सतरा वर्षं झाली. बाई रिटायर होईपर्यंत रोज सकाळी मी त्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवत होते. संक्रांतीला त्या मला आठवणीनं साडी द्यायच्या. माझ्या लग्नात आईच्या जागी त्या उभ्या राहिल्या, कारण आबा तोवर गेले होते आणि माझ्या बाजूनं दुसरं कुणी नव्हतं. मागच्या वर्षी त्याही गेल्या. म्हणून हे आता सांगतेय, त्यांच्या हयातीत नाही.

पण त्या सकाळी अजून काहीच झालेलं नव्हतं. त्या माझ्या समोर खुर्चीवर होत्या, उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होत्या. ‘बाई, मला लागलं होतं,’ एवढेच चार शब्द होते. मी ते तोंडात जुळवले. त्या वाट बघत होत्या.

“सोमवारी किती वाजता येऊ, बाई?” मी विचारलं.